मे महिन्यातली वाकळ

ज्या घरात एखादा भोळा काका, भोळी आत्या किंवा भोळा भाऊ वयानं पिकत चालला आहे, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. जळकोट तालुक्यातल्या शाळांमधून नुकताच निवृत्त झालेला मास्तर आहे, म्हणजे न विचारता सांगण्याची सवय आहे. या सवयीमुळे माझा भाऊ जवळजवळ हातचा गेला होता. म्हणून आधी तिचीच हकिगत.

दादा

सुदामदादा माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. नेमकं वय कुठं लिहिलेलं नाही. माय सांगायची, आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो कडेवर होता आणि वर्ष उलटूनही धड बसत नव्हता. शाळेत घातला, तर तिसऱ्या दिवशी मास्तरांनी परत पाठवला. "पोरगं भोळं हाय, घरीच राहू द्या." त्या एका वाक्यावर त्याची पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं निघाली. भोळा हा मायेचा शब्द आहे. तो लावला की कोणी मारत नाही, कोणी फार हसत नाही आणि पुढचं कोणी काही विचारतही नाही.

त्याचं काम पाणी. आड होता तेव्हा आडावर, हातपंप आला तेव्हा हातपंपावर आणि आड, पंप दोन्ही आटल्यावर टँकरवर. त्याला दहाच्या पुढं मोजता येत नाही, पण गल्लीतली प्रत्येक घागर तो पोच्यावरून ओळखतो. टँकर यायच्या आधी घागरींची रांग लागे तेव्हा कोणाची कुठं होती, हे फक्त त्याला ठाऊक. एकदा सरपंचाच्या घरची घागर मधे घुसली, ती त्यानं उचलून शेवटी नेऊन ठेवली. सरपंचबाई म्हणाल्या, "अरे भोळ्या, ही कुणाची हाय म्हाईत हाय का?" दादा म्हणाला, "हाव. मागून आलेलीची."

माय गेली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "पल्या, त्याला धड बोलता येत न्हाई. त्याचं तोंड तू हो."

मी झालो. इतका झालो, की पुढं पंचवीस वर्षं त्याला कोणीही काहीही विचारलं, तरी उत्तर मी द्यायचो. कंडक्टर, पाहुणे, दवाखाना, कुठंही. तो ओठ हलवी, तोवर माझं वाक्य संपलेलं असे. जनगणनेचं काम आम्हा मास्तरांकडेच येतं. माझ्या स्वतःच्या घराचा फॉर्म मीच भरला होता. 'घरात कोणी अपंग आहे काय' या रकान्यासमोर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाही. मला वाटलं, मी त्याची लाज राखली. कोणाची राखली, ते कळायला बराच वेळ लागला.

बसलेला माणूस

दुष्काळाचं सलग दुसरं की तिसरं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच दिवस. आमच्याकडे टँकर दोन दिवसाआड येई. दादाच्या कामाला कधी नव्हे इतका भाव आला आणि नेमका तेव्हाच दादा बसला.

आधी सावकाश झाला. मग तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं, आवाज घोगरा झाला. दिवसा झोपू लागला. कुठली घागर कुणाची, यात चुकू लागला आणि बाया हसू लागल्या तसा पाण्याकडे जायचाच बंद झाला. अंगणातल्या भिंतीला टेकून, मायेनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पांघरून तो उन्हात बसे. चैत्र लागला, वैशाख लागला, वाकळ अंगावरच.

"दादा, ऊठ की. टँकर आलाय."

"थंडी," तो म्हणे.

"कामून खोटं बोलून राहिला? डांबर वितळायची वेळ आली."

"थंडी."

शेजारच्या जनाबाईनं विचारलं, तर मी हसून सांगितलं, "आता म्हातारपणी शहाणा झाला. कामाचा कंटाळा आला की थंडी म्हणतो." विनोद चांगला जमला होता. गल्लीत बरेच दिवस चालला.

घरात मात्र हसू नव्हतं. दादाला चार-चार दिवस शौचाला होत नसे आणि मग कपड्यात होऊन जाई. दोन दिवसाआडच्या पाण्यात ते धुणं विमलच्या, माझ्या बायकोच्या, वाट्याला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं दादाला कधी जड शब्द दिला नव्हता. एके दिवशी दुपारी ओला पंचा हातात धरून ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "तुमचा भाऊ हाय, म्हणून बोलत न्हाई. पण माझ्या अंगात जोर न्हाई राहिला."

तिनं ते ओरडून म्हटलं असतं, तर मला भांडता आलं असतं.

शिबिर

याच सुमारास तालुक्याला दिव्यांगांसाठी शिबिर भरलं. ग्रामसेवकानं यादीत दादाचंही नाव घातलं होतं. मंडपावरच्या फलकावर आमच्या जिल्ह्याच्या नावाच्या जागी 'नियोजित जिल्हा' असं छापलं होतं. बाहेरच्यांसाठी खुलासा करतो. दर पंधरा ऑगस्टच्या आधी उदगीर जिल्हा होतो, आम्ही त्यात जातो, फटाके वाजतात आणि सोळा ऑगस्टला आम्ही पुन्हा लातूर जिल्ह्यातच उठतो.

पाहुण्यांना धूळ लागू नये म्हणून मंडपासमोर टँकरनं पाणी मारलं होतं. दादानं वाकळीतून मान बाहेर काढून त्या ओल्या मातीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो आपणहून काही बोलला, "रांग न्हाई लावली?"

साधनं वाटपाची यादी नावानुसार होती, व्यंगानुसार नव्हती. दादाचं नाव पुकारल्यावर त्याला तीनचाकी सायकल मिळाली. पाय धड असलेल्या माणसाला. मी सांगायला गेलो, तर कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, आता फोटो होऊ द्या, मग बघू." हार घातला, फोटो झाला. दादा सायकलवर बसला तो उतरेचना. बसायला मिळालं, एवढ्यावरच तो खूश होता. त्याचे पाय खरंच चालत नव्हते, हे त्या दिवशी त्या मंडपात फक्त चुकलेल्या यादीला कळलं होतं.

लातूर

मग लातूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. खोली थंडगार होती, भिंतीवर मानपत्रं होती. डॉक्टरांनी दादाकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सगळं माझ्याशी बोलले. मला ते योग्यच वाटलं. असे लोक लवकर म्हातारे होतात, आता बुद्धी उतरणीला लागली आहे, औषध असं काही नाही, घरच्यांनी किती करायचं, एखादी संस्था बघा. सहा मिनिटं लागली. निदानाचा दिवस म्हणतात तो असा असतो. बाहेर येऊन मी रसवंतीत रस प्यायलो आणि दादाला बर्फ नको म्हणून त्याला दिलाच नाही.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "अण्णा, तुम्हीही साठीला आलात. संस्थेत तज्ज्ञ असतात." त्याचं चूक नव्हतं. नांदेडकडे एक निवासी संस्था होती, जागा होती. फॉर्म आणला. माझ्या अक्षरात भरला. फक्त सरकारी दवाखान्यातल्या तपासणीचा एक कागद आणि सही हवी होती. दादाला मी सांगितलं, "नांदेडला जाऊन येऊ."

'येऊ' हा शब्द घशात अडकला होता, पण मास्तरकी केलेल्या माणसाला अडकलेले शब्द काढायची सवय असते.

नांदेड

एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. दादा स्वेटर घालून, वरून वाकळ. कंडक्टर त्याला म्हणाला, "काय मामा, उकडून मरायचा इचार हाय का?"

"त्याची सवयच आहे ती," मी म्हणालो.

दवाखान्यात माणसं केसपेपरनं वारा घेत होती. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक बाई, घामानं कपाळाला केस चिकटलेले.

"नाव काय बाबा?"

"सुदाम," मी.

"वय?"

"एकसष्ट-बासष्ट," मी.

"काय होतंय तुम्हाला?"

"तसा त्रास काही नाही. विसरतो, कामाला कंटाळतो. आम्हाला फक्त या कागदावर सही..."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. वाकळीकडे पाहत होती. तिनं दादाचा हात हातात घेतला, उलटा करून तळव्याला बोट लावलं. तळवा कोरडा आणि थंड. "बाबा, थंडी वाजते?"

"तो थंडी म्हणतो, म्हणजे त्याला..."

"सर, जरा थांबा. त्यांचं बोलून होऊ द्या."

मी थांबलो. अर्धं मिनिट. दादा ओठ हलवत होता, शब्द येत नव्हता, आणि मला ते बघवेना. मी पुन्हा बोललो. तेव्हा तिनं मला अगदी सभ्यपणे बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर हिमायतनगरकडची एक म्हातारी बसली होती. तिनं सरकून जागा दिली. "तुमालाबी काढलं का?"

"मी त्याचा भाऊ आहे," मी जरा ताठ्यात म्हणालो.

"म्या माय हाय, तरी काढलं. म्हणलं, बाई, माझ्या लेकीला बोलताच येत न्हाई, चाळीस वर्सांची झाली. तर आत जाऊन घटकाभर बोलली की!"

"काय बोलली?"

"माय मारती म्हणली."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. "मारता?"

"मंग? मारायचीच. आता न्हाई मारत." ती खुशाल हसली. "बसा गुमान. आपलं बोलून झालंय."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी माझ्या भावाशी माझ्याशिवाय बोलत होतं. दार नीट लागत नव्हतं. फटीतून त्याचा घोगरा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता.

डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. "बरंच सांगितलं त्यांनी. थंडी वाजते. पाय भरल्या घागरीसारखे झालेत. शौचाला त्रास होतो, लाज वाटते, बाया हसतात, म्हणून पाण्याला जात नाहीत." मग केसपेपर बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि म्हणाले, पल्या मला पाठवून राहिला."

मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होता.

"कुठं, ते त्यांना माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाठवणार, हे माहीत आहे. सही मी आज करत नाही सर. आधी रक्त बघू."

वॉर्ड

हृदयाचे ठोके फार मंद होते, म्हणून त्यांनी पाच दिवस ठेवून घेतलं. वॉर्डातला दिवस झाडूच्या आवाजानं सुरू होतो, मग फिनेल, मग राउंड, मग बाहेरच्या नळावर नातेवाइकांची बाटल्यांची रांग. दादाची खाट खिडकीशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकदम कोपरावर उठला आणि खिडकीतून ओरडला, "ए हिरव्या लुगड्याची! तू मागून आली!"

रांगेतली ती बाई दचकून खरंच मागं गेली. समोरच्या खाटेवरचे एक चाचा पोट धरून हसले. "या अल्ला, ये तो पूरे दवाखाने का दारोगा है!" मी हसलो नाही. मी खाटेच्या कडेला बसून राहिलो. बुद्धी उतरणीला लागलेला हा माणूस हिरवं लुगडं कुठं उभं होतं, ते विसरला नव्हता.

त्या पाच दिवसांत मला भीती वाटायची ती विचित्रच. रिपोर्टात काही निघालं तर काय, ही एक. आणि काहीच निघालं नाही तर, ही तिच्याहून मोठी. कारण फॉर्म पिशवीतच होता.

रिपोर्ट आला. गळ्यात एक ग्रंथी असते, तिचं काम मंदावलं होतं. थायरॉइड म्हणतात. ते मंदावलं की माणूस मंदावतो, थंडी वाजते, शौचाला होत नाही, विसरतो. दुसऱ्या कोणी मे महिन्यात वाकळ पांघरली असती, तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. दादाचं सगळं आम्ही त्याच्या भोळेपणाच्या खात्यात टाकत गेलो. लातूरच्या डॉक्टरांनीही तेच केलं. त्यांच्याकडे निदान सहाच मिनिटं होती.

"रोज एक गोळी, उपाशीपोटी, जन्मभर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं परत येईल असं नाही म्हणत मी. या लोकांना वयाबरोबर विसरणं येऊ शकतं, ते नंतर तपासू. तीन महिने द्या. मग संस्थेचं ठरवा."

मी बाहेर येऊन विमलला फोन केला. तिनं मला रिपोर्ट दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, "म्हंजे त्यायला खरंच थंडी वाजत व्हती?"

"हो."

"अन् आपण हसून राहिलो."

तीन महिने

चमत्कार झाला नाही. पहिले तीन आठवडे तर काहीच झालं नाही. फक्त गोळीचा रिवाज पडला. सकाळची पहिली एसटी हॉर्न देत पुलावरून गेली की दादा हात पुढं करी. गोळी गिळली की अर्धा तास चहा नाही. आणि त्याला नाही, तर घरात कोणालाच नाही. माझी रक्तदाबाची गोळीसुद्धा त्यानं या शिस्तीत ओढून घेतली. "तू खाल्ली?" खाल्ली म्हटल्याशिवाय कप हाती येत नसे.

मग तोंडाची सूज उतरली. विमलचं ते धुणं थांबलं. त्याला टँकरच्या दिवशी जाग येऊ लागली.

आषाढ कोरडाच चालला होता. हवा गच्च दाबून बसली होती, पान हलत नव्हतं. विमल चुलीपुढं, मी पेपरात. अंगणातून मोठ्यानं आवाज आला, "लई उकडून राहिलंय बे!"

आम्ही दोघं बाहेर धावलो. दादा भिंतीशी उभा होता. वाकळ खाली पडलेली, मानेवरून घामाचा ओघळ. उकाड्याला शिव्या देत होता. त्या वर्षी सगळा मराठवाडा उकाड्याला शिव्या देत होता, पण असं ऐकून कोणाच्या बायकोनं तोंडाला पदर लावून रडू आवरलं असेल, असं मला वाटत नाही. जनाबाई कुंपणावरून ओरडली, "काय झालं वं विमल?"

"दादायला उकडलं!" विमल म्हणाली.

दादानं वाकळीची घडी घातली. वाकडी, पण स्वतः घातली आणि आत नेऊन फळीवर ठेवली. संस्थेचा फॉर्म मी त्या संध्याकाळी चुलीत घातला नाही. तसं करणं शोभून दिसलं असतं, पण तो अजून कपाटात आहे. उद्या आम्ही दोघं नसलो तर लागेल. तेव्हा तो भरताना दादाला शेजारी बसवायचं, एवढं ठरलं आहे.

तीनचाकी सायकलचंही सार्थक झालं. सीटवर दोन, मागच्या फळीवर तीन अशा घागरी ठेवून दादा ती हँडल धरून ढकलत नेतो. देणाऱ्यांनी काय विचार करून दिली माहीत नाही, पण इतकी उपयोगी वस्तू शासनाकडून आमच्या घरात दुसरी आली नाही. काही घागरींच्या मालकिणी मात्र तो आता विसरतो, पूर्वीइतका तयार राहिला नाही. त्या आपल्या घागरीला रंगीत दोरा बांधून देतात. ही युक्ती जनाबाईची, जी सगळ्यांत आधी हसली होती.

कागद

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, त्यांचा दिव्यांगत्वाचा दाखला काढून घ्या, पुढं उपचाराला लागेल. तालुक्याचा बाबू म्हणाला, "थोडं थांबा गुरुजी. नवा जिल्हा झाला की हितंच होईल, लातूरला कशाला हेलपाटा?" पंधरा ऑगस्ट होऊन गेला. सोळालाही आम्ही लातूर जिल्ह्यातच होतो, म्हणून लातूरला गेलो.

तिथं दादाला प्रश्न विचारले. मी दाराशी, हाताची घडी, तोंड बंद.

"आठवड्याचे दिवस किती?"

"टँकर दोन दिवसाआड येतो," दादा म्हणाला.

त्यांनी चूक अशी खूण केली असावी. आमच्या गावात मात्र त्या वर्षी दिवस तसेच मोजत होते. दाखला मिळाला. साठी उलटल्यावर माझ्या भावाला सरकारनं ओळखलं. मला मात्र सरकारला नावं ठेवायचा हक्क नाही. ज्या फॉर्मवर त्याला ओळखायचं होतं, तो माझ्याच अक्षरात आहे.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. तुमच्या घरातला भोळा माणूस एकाएकी बदलला, कमी बोलू लागला, जास्त झोपू लागला, चिडू लागला, आवडतं काम टाकून बसला, तर 'त्याचं असंच' म्हणू नका. दवाखान्यात न्या. त्याचे डोळे, कान, दात, रक्त, सगळं बघायला सांगा. वय झालं म्हणतील, त्यांना विचारा, अजून काय असू शकतं. आणि तपासताना त्याला बोलू द्या. वेळ लागतो. त्या वेळात आपलं तोंड बंद ठेवणं हीच नातेवाइकांची खरी परीक्षा. मी त्यात अजूनही काठावर पास होतो.

मागच्या महिन्यात नांदेडला तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी दादाला विचारलं, दादानं सांगितलं, मी बाकावर गप्प. जाता जाता त्यांनी माझ्याही दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावला. आकडा बघून भुवया वर गेल्या.

"सर, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"हो, रोज," मी म्हणालो.

"खोटं बोलून राहिला," दादा म्हणाला. "हातात घेतो. मला दाखवतो. मंग चुलीत टाकतो."

"तसं नाही डॉक्टर, ते काय आहे, चक्कर..."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची दादाकडे वळवली.

"सर, जरा थांबा. त्यांचं बोलून होऊ द्या."